फार गुळगुळीत वाळू

असं समजा, की दिवस कलताना तुम्ही नदीच्या वळणावर गुडघे टेकून बसला आहात. हातात हातभर फळी. समोर पाण्याच्या कडेला सतरंजीएवढा ओल्या वाळूचा पट्टा. फळी तिरकी धरायची, दाब न देता ओढायची आणि मागंमागं सरकायचं, म्हणजे आपलाच पाय आपल्या कामावर पडत नाही. वाळू कोरी झाली की घरी जायचं. अंधारात पाणमांजर बिळातून निघतं, या पट्ट्यावरून पाण्यात उतरतं आणि सकाळी तिथं उमटलेलं असतं: पाच बोटं, बोटांमधला पडदा, मागं ओढलेल्या शेपटीची रेघ. पिल्लं असली तर आईच्या पावलांवर चढलेली त्यांची इवलीशी पावलं.

आता असं समजा, की सकाळी तुम्ही गेलात आणि वाळू जशीच्या तशी कोरी आहे. तुम्ही काय म्हणाल? आलं नाही बिचारं. कुलूपमामा तसं म्हणाले नाहीत. ते उकिडवे बसले, मान वाकडी केली आणि पुटपुटले, "ही वाळू फारच सज्जन दिसतेय."

कुलूपमामांचं बाजाराच्या कोपऱ्यावर कुलूप-किल्ल्यांचं दुकान. दुकान कसलं, कपाटच ते. शिंकायचं असलं तरी माणसानं बाहेर यावं. मामांची सगळी हयात तिथं किल्ल्या घासण्यात गेली, आणि संशय हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. किल्ली हरवली म्हणून कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "घर तुमचंच ना?" एकदा जावई घराबाहेर अडकला, तेव्हा त्यालाही मामांनी हेच विचारलं होतं. घर मामांच्या मुलीच्या नावावर, त्यामुळे जावयाला चटकन उत्तर सुचेना. मामी म्हणायच्या, "आरशातल्या माणसालाही एकदा विचारून घ्या, ओळख आहे का म्हणून."

पाणमांजरं वाचवणाऱ्या गटात मामा शिरले तेही कुलपामुळंच. चोरट्या शिकाऱ्यांनी लावलेला एक पिंजरा गटाला सापडला, आत जनावर तडफडत होतं आणि कुलूप कोणाला उघडेना. मामांना बोलावलं. त्यांनी चुटकीसरशी कुलूप उघडलं, आणि पाणमांजरानं सुटता सुटता त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. "आभार मानायची पद्धत बघा यांची," असं म्हणत मामा रक्त पुसत राहिले, आणि पुढच्या बैठकीला अंगठ्याला पट्टी बांधून हजर झाले. तेव्हापासून ते गटाचेच.

गटाच्या प्रमुख होत्या बाई. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. अजूनही कोणी उशिरा आलं की दाराकडे बोट दाखवायच्या. त्यांचा एकच कडक नियम होता: बिळाची जागा गटाबाहेर सांगायची नाही, घरातसुद्धा नाही. तरी मागच्या वर्षी कोणीतरी बीळ उकरलं. शेजारी रिकामा पिंजरा सापडला, पिल्लं गेली ती गेलीच. जागा फक्त गटाला माहीत होती. म्हणजे सांगणारा घरचाच होता. त्यावर कोणी उघड बोललं नाही, पण बैठकीतल्या खुर्च्या तेव्हापासून जरा लांब लांब मांडल्या जाऊ लागल्या.

यंदा मादी त्याच वळणावर परत आली होती, आणि आता ही सज्जन वाळू.

मामांनी नीट पाहिलं. पाणमांजर नाही आलं, मान्य. पण धोबी पक्षी रोज सकाळी इथं शेपटी नाचवत फिरतो, तोही आला नाही? खेकड्यांनी काय सुट्टी घेतली? आणि मामा फळी आडवी ओढायचे, कानशीसारखी. या वाळूवरच्या बारीक रेघा उभ्या होत्या, पाण्याकडे जाणाऱ्या. आपल्यानंतर कोणीतरी हात फिरवलाय. पुढच्या खेपेलाही तेच.

संशय कोणावर घ्यायचा याचा मामांना फार विचार करावा लागला नाही. ड्रायव्हिंग शिकवणारा एक गडी गटात नवा होता. बोलता बोलता कोणालाही "क्लच हळू सोडा, क्लच हळू सोडा" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच क्लच पडलं. त्याच्याकडे गाडी होती. बूट नको तितके चांगले होते. आणि प्रश्न फार.

"मामा, पिल्लं किती असतात हो एका वेळेला?"

"तुला कशाला? बारसं करायचंय?"

"सहज विचारलं."

"सहज," मामा घरी मामींना म्हणाले, "चोर सगळं सहजच विचारतो."

मग मामांनी आपल्या धंद्यातला सापळा लावला. किल्ली घासताना यंत्राखाली पितळेचा कीस पडतो, पिठासारखा बारीक. तो त्यांनी डबीत भरून नेला, वाळूत भुरभुरला आणि वरून हलकी फळी फिरवली. दिसायला काहीच नाही. पण जो कोणी पुन्हा वाळू सपाट करील, त्याच्या हत्याराला, बुटाला, कशाला तरी पितळ चिकटणार. ओल्या वाळूतलं पितळ झटकून जात नाही, हे ज्यांची नखं आयुष्यभर चमकली त्या मामांना कोणी सांगायला नको होतं.

रविवारी बाईंच्या घरी बैठक भरली. चहा झाला. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "इतक्या दिवसांत एकही पाऊल नाही. बीळ सोडलेलं दिसतंय. उद्यापासून त्या वळणावरचा पहारा बंद."

मामा उठलेच. "बीळ सोडलेलं नाही बाई! कोणीतरी पावलं पुसतंय. पहारा उठावा म्हणूनच पुसतंय. आणि तो माणूस याच खोलीत आहे." त्यांनी क्लचकडे बोट केलं. "बूट काढ."

"काय?"

"बूट काढ. चमकतात का बघू."

क्लचनं बूट काढून टेबलावर, बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवले. मामांनी ते खिडकीशी नेले, तळवे फिरवून पाहिले, शिवणीत नख घातलं. चिखल होता, गवत होतं. पितळ नव्हतं.

"झालं समाधान?" क्लचचा आवाज चिरका झाला. "मोजेही देऊ का? आल्यापासून बघतोय, मी शेजारी बसलो की तुम्ही पिशवी मांडीवर घेता. सांभाळा तुमची पाणमांजरं." बूट हातातच घेऊन तो निघून गेला. बाकीचेही कामं आठवून एकेक करून पांगले.

मामा कप धुवायला आत गेले. अपराधी वाटलं की ते भांडी घासत, हे मामींना पक्कं ठाऊक होतं. स्वयंपाकघराच्या दारामागे फळ्यावर रेघा मारायची लांब लाकडी पट्टी उभी होती. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं बाईंना दिलेली. खिडकीतून उन्हाची तिरीप आली आणि पट्टीची कड लखलखली.

मामांनी कप खाली ठेवला. "बाई, ही पट्टी सोन्याची आहे का?"

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "पितळ घातलंत वाटतं. हुशार आहात. म्हणूनच तर भीती वाटायची तुमची."

"माझी?"

बाईंनी ओट्याखालच्या खणातून एक कुलूप काढलं आणि मामांच्या ओल्या तळहातावर ठेवलं. मागच्या वर्षी उकरलेल्या बिळाशेजारी सापडलेल्या पिंजऱ्याचं. मामांनी उलटं केलं. तळाशी त्यांच्याच दुकानाचा ठसा होता.

"माझ्याकडचंच आहे," ते म्हणाले. "पण बाई, अर्ध्या बाजाराच्या दाराला माझंच कुलूप आहे. तुमच्यासुद्धा."

"तेच स्वतःला सांगत होते. पण झोप येईना. म्हणून उजाडताना जायचं, पावलांचे फोटो काढायचे, वनाधिकाऱ्यांना पाठवायचे आणि वाळू पुसायची. बीळ ओस पडलंय असं गटाला वाटलं, की सांगणाराही कोणाला सांगणार नाही. पहारा उठवून मी एकटीच बघणार होते."

"आणि तुम्ही एकट्या असताना ते शिकारी आले असते, तर?"

बाईंनी ओट्याखालचा खण लावून टाकला. मग त्यांनीच विचारलं, "त्या मुलाचे बूट कशाला काढायला लावलेत? मागच्या वर्षी तो गटात होता तरी का?"

मामांनी कपाळावर हात मारला. हा हिशेब त्यांच्या डोक्यातच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते क्लचच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या जागी जाऊन बसले. "माफ कर," म्हणाले, आणि घाबरून गाडी दोनदा बंद पाडली. क्लच हसला नाही. पण संध्याकाळी वळणावर आला. आता तो येताच बूट काढून मामांपुढे ठेवतो. "तपासून घ्या, मग पुढचं." मामा निमूटपणे तपासल्यासारखं करतात.

पहारा चालू राहिला. उजाडताना मामा आणि बाई दोघंही जातात. सोबत म्हणून, असं दोघंही सांगतात. मग एका सकाळी वाळू भरून गेली होती: आईची पावलं, शेपटीची रेघ आणि भोवती चिल्ल्यापिल्ल्यांचा नुसता गोंधळ. बाईंनी फोटो काढला. पट्टी घरीच ठेवली होती.

मामा कितीतरी वेळ पाहत राहिले. खिशात ते कुलूप होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतात, ओळखता का म्हणून.

"बाई," ते हळूच म्हणाले, "क्लच नव्हता. मी नाही. तुम्ही नाही, असं धरून चालतो. मग मागच्या वर्षी शिकाऱ्यांना इथवरची वाट दाखवली कोणी?"