बिल्ला वेगळा, माणूस वेगळा

मेजर जमिनीवर उकिडवे बसायचे, साच्याची काळी वाळू तळहाताने सपाट करायचे आणि तिच्यात बोटाने चौकटी काढायचे. कुपवाडच्या आमच्या फाउंड्रीत तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. तुम्ही तिथे असतात तर म्हणाला असतात, हा माणूस सोंगट्या खेळतोय की काय. ते कॉम्प्युटरसाठी माहितीची टेबलं मांडत असायचे. कुठली माहिती कुठल्या चौकटीत ठेवायची, ते आधी वाळूत ठरायचं आणि मग मशीनमध्ये जायचं.

"एका टेबलात एकच गोष्ट," ते म्हणायचे. "कांदं-बटाटं एका पोत्यात घातलं की कुजतंय."

पलूसकडचा गडी, फौजेतून लवकर सुटून आलेला, कॉम्प्युटरच्या कामावर नेमलेला. आमच्याकडे फौजेतून आलेला कोणीही मेजरच. मी हजेरीचा कारकून, म्हणून त्यांची खुर्ची माझ्या शेजारी. डब्यातली चटणीसुद्धा ते भाकरीला लागू द्यायचे नाहीत. मी म्हणायचो, पोटात सगळं एकच होणार आहे. ते हसायचे आणि चटणी आणखी लांब सरकवायचे.

पहिल्या मांडणीत त्यांनी कामगाराची ओळख म्हणून बिल्ला नंबर धरला. हजेरी, पगार, रजा, सगळी टेबलं त्या नंबराला जोडलेली. फौजेत एकाचा नंबर तो मेल्यावरही दुसऱ्याला देत नाहीत. कारखान्यातही तसंच असणार, असं ते धरून चालले. आमच्याकडे मात्र माणूस गेला की त्याचा पितळी बिल्ला पुढच्याच्या छातीवर. हे मेजरना कोणी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

माधवनगरचा एक मोल्डर, साचे करणारा कामगार, घरातून निघाला तो कामावर पोचलाच नाही. सायकल कृष्णेच्या काठाला सापडली, हँडलला बिल्ला अडकवलेला; तो नाही. बिल्ला कारखान्यात परत आला. काही महिन्यांनी त्याची बायको आली आणि विचारू लागली, घरी नाही निदान कामावर तरी येतात का. मी तेव्हा बँकेत गेलो होतो. मेजरनी मशीनवर पाहिलं. नाव त्याचंच, आणि नावापुढे कालची हजेरी.

"वहिनी, तुमचं मालक कामावर हायत. काल बी आल्यात."

मी परत आलो तेव्हा ती फाटकाशी उभी होती. दर सुट्टीला ती चिंच लावून नवऱ्याचा बिल्ला घासायची, नंबर तिला पाठ. पाळी सुटली. आधी तिला बिल्ला दिसला, मग तिने वर पाहिलं. चेहरा दुसऱ्याच कुणाचा होता. ती रडली-ओरडली नाही. त्या माणसाच्या छातीवरचा बिल्ला हाताने चाचपून बघितला आणि निघून गेली. मेजर हे खिडकीतून बघत होते.

बिल्ला नव्या माणसाला मिळाला होता, मशीनमध्ये त्या नंबराला नाव जुनंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळूत दोन चौकटी काढल्या. "बिल्ला येगळा, मानूस येगळा." आता प्रत्येक माणसाला स्वतःचा नंबर, तो पुन्हा कुणाला मिळायचा नाही. बिल्ल्याचं टेबल निराळं, कुणाकडे कधीपासून कधीपर्यंत. मोल्डरच्या ओळीत काम सोडल्याची तारीख मोकळी राहिली. साहेब म्हणाले, काहीतरी टाकून द्या. मेजर म्हणाले, "म्हाईत न्हाई, सायेब. रिकामंच ऱ्हाऊ द्या."

मशीन सुधारलं, मेजर नाही सुधारले. पाळीचा भोंगा झाला की ते खिडकीशी जायचे आणि बाहेर पडणाऱ्यांच्या छातीकडे बघत राहायचे. ती बाई अधूनमधून येऊन फाटकाशी थांबायची. मग ते खाली जाऊन तिच्या उजव्या हाताला उभे राहायचे. शेवटचा माणूस बाहेर पडला की दोघं आपापल्या वाटेने. "मीच आशा लावली तिला," एवढं ते एकदा मला म्हणाले. मला त्यांची फार दया यायची, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटायची.

मेजर गावी गेले असताना झोपेतच गेले. त्यानंतर ती आली तेव्हा म्हणाली, मेजर दिसंनात. मी सांगितलं.

"तुमी सोता बघितलं?"

"व्हय. खांदा दिला."

"मग बरं," ती म्हणाली.

भोंगा झाला. ती फाटकाकडे वळली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. माणसं बाहेर पडू लागली. मी खाली उतरलो आणि तिच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो. उजवी बाजू रिकामीच ठेवली.