सुतारानं निवडलेली गोळी

जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, लाकडी खिडक्यांच्या घरांखाली एक फळवाला बसतो. दिवसभरात उरलेली केळी तो संध्याकाळी स्वस्तात काढतो. काल त्यातली अर्धा डझन घेऊन खोलीवर आलो, पिशवी टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो आणि बाहेर येतो तो खोलीभर वास सुटलेला, गोड, जरा जास्तच गोड, नाकात चढून बसणारा. माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला त्या वासानं परसातली केळ आठवायला हवी. मला बंदूक आठवली. सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण बंदुकीची नळी साफ करायचं एक विलायती औषध असतं, त्याला हुबेहूब पिकून गेलेल्या केळ्यांचा वास येतो. तो वास ज्यानं मला ओळखायला शिकवला तो माणूस इथून जाऊन आता बरीच वर्षं झाली. केळी तशीच पिशवीत ठेवली. एकट्या माणसाला अर्धा डझन केळी संपवणं तसंही जड जातं.

तेव्हा मी जेद्दातल्या एका शिकारीच्या सामानाच्या दुकानात होतो. वाळवंटात लावायचे तंबू, ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायच्या चामडी टोप्या, दुर्बिणी, आणि आतल्या कुलूपबंद कपाटात परवान्यावर विकायच्या बंदुका. कपाटाची किल्ली मालकाकडे असे, पण कपाटातलं सारं ज्ञान चाचांकडे. चाचा आमच्या रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. त्यांच्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. चाचांनी स्वतः आयुष्यात एका डुकरापलीकडे काही मारलं नव्हतं, आणि तेही म्हणे चुकून. तरी कुणी आत येऊन 'मला बंदूक हवी' म्हटलं की ते आधी विचारत, "कशासाठी?" जनावर कोणतं, किती लांबून, रान कसं, हे सगळं काढून घेतल्याशिवाय ते कपाटाकडे पाहतही नसत. मालासोबत येणारी जाडजूड कॅटलॉगं त्यांनी दुपारच्या रिकाम्या वेळात शब्द शब्द लावून वाचली होती. माझ्या पाहण्यात इतक्या आवडीनं काही वाचणारा माणूस दुसरा आला नाही.

त्या काळात इकाम्यावर कोण काय असे, याला काही धरबंध नव्हता. इकामा म्हणजे इथं राहण्याचा परवाना, त्यावर माणसाचा धंदा लिहिलेला असतो. ज्या धंद्याचा व्हिसा मिळेल त्यावर माणूस यायचा आणि जे काम पुढ्यात येईल ते करायचा. चाचांच्या इकाम्यावर 'नज्जार' होतं, म्हणजे सुतार. माझ्या इकाम्यावर हमाल. सकाळी शटर वर गेलं की ते म्हणायचे, "काय रे हमाल, जेवलास काय?" आणि मी म्हणायचो, "काय सुतार, रंधा कुठं हाय?" रोजचा एकच विनोद, तरी रोज हसू यायचं. परक्या मुलखात रोज तोच विनोद करणारा माणूस भेटणं ही केवढी चैन होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमचा कफील, म्हणजे दुकानाचा मालक आणि आमच्या परवान्यांचा धनी, वयस्क आणि हौशी माणूस होता. त्याचा मुलगा अमेरिकेत शिकत होता आणि त्यानं बापाला शिकारीला बोलावलं होतं. कसली शिकार, तर 'असद अल-जबल', डोंगरातला सिंह. कफील महिनाभर छाती काढून फिरत होता. सिंह म्हटल्यावर त्यानं मनातल्या मनात सगळ्यात मोठी रायफल आणि अंगठ्याएवढं काडतूस पक्कं केलं होतं, तिकडं गेल्यावर तेच भाड्यानं घ्यायचं म्हणून. चाचांनी कॅटलॉगमधला त्या जनावराचा फोटो काढून त्याच्यापुढं ठेवला आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, की हा नावाचाच सिंह, खरा तर प्यूमा. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अरे, हा तर आपल्याकडचा वाघ. बघ जरा, पाठीवरचे ठिपके पुसलेत एवढंच." आमच्या कोकणात बिबट्यालाच वाघ म्हणतात. खरा पट्टेवाला वाघ आम्ही कॅलेंडरावर पाहिलेला, पण आमच्या तोंडी ज्याच्या त्याच्या कुत्र्याला वाघच नेतो. तेव्हा नावानं फसायचं नाही, हे चाचांना जन्मापासून ठाऊक होतं. ते म्हणाले, "नाव बघून गोळी निवडू नये. अंग बघावं." याचं अंग हलकं, हाडं बारीक. शिकारी कुत्रे याला झाडावर चढवतात आणि माणूस वीस-पंचवीस पावलांवरून नेम धरतो. तिथं सिंहाची जड गोळी घातली तर ती आरपार निघून जाईल आणि कातड्याची चाळण होईल. मध्यम रायफल, मऊ टोकाची गोळी, अंगात शिरून पसरणारी, आणि खांद्यामागं एकच. कफीलचा चेहरा लहान मुलासारखा पडला, पण त्यानं ऐकलं.

तो गेला तेव्हाच इकडं सौदीकरणाची हवा तापली होती. दुकानांच्या काउंटरवर सौदीच हवा, बाहेरच्यानं इकाम्यावर लिहिलंय तेवढंच काम करायचं, असा हुकूम निघाला. काउंटरवर कफीलचा पुतण्या बसू लागला. चाचांना मागच्या खोलीत एक बाक मांडून दिला, खराखुरा रंधा आणला, आणि बंदुकांचे तडकलेले लाकडी दस्ते त्यांच्यापुढं टाकले. कुणी तपासणीचा साहेब आला तर म्हणायचं, सुतार आहे, दस्ते दुरुस्त करतो. त्यात खोटंही काही नव्हतं. चाचांना अजून दोन वर्षं काढायची होती. मुलगी रत्नागिरीला नर्सिंग शिकत होती, तिची दोन वर्षं उरली होती. "तिचा कोर्स झाला की खलास," ते म्हणायचे, "मग मला कुणी ठेवून घेतलं तरी मी राहायचा नाय." पुढं दुकानात एखादं गिऱ्हाईक चुकीची बंदूक घेऊन जाताना दिसलं की बिचारे दाराआडून तळमळत, पण बाहेर येत नसत.

कफील परतला तो एक मोठा फोटो घेऊन. बर्फात गुडघा टेकून बसलेला तो आणि शेजारी ते पिवळसर जनावर, कातडीवर कुठं ओरखडासुद्धा नाही. त्यानं तो काउंटरमागं लावला. काही दिवसांनी दुपारी पुतण्या नमाजाला गेला तो लवकर परतलाच नाही, आणि शटर उघडून मी एकटाच उभा होतो. पांढऱ्या शुभ्र पायघोळ थोबातला एक मध्यमवयीन माणूस आत आला. बराच वेळ फोटो बघत राहिला. मग म्हणाला, माशाअल्ला, इतक्या जवळून मारूनही कातडं किती स्वच्छ राहिलंय, कुणी निवडली गोळी? मी गप्प बसायला हवं होतं. मालकानं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण इतक्या वर्षांत त्या दुकानात आम्हाला कुणी कौतुकानं काही विचारलंच नव्हतं, आणि माझ्या माणसाचा मला अभिमान होता. मी मागच्या दाराकडे बोट केलं आणि म्हणालो, आमच्या चाचांनी. इथं बंदूक त्यांना विचारल्याशिवाय कुणी घेत नाही.

चाचा रंधा हातात घेऊनच बाहेर आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्या माणसानं आदरानं विचारलं, की सिंहाला एवढी लहान गोळी का, आणि चाचांना राहवलं नाही. अंग, हाडं, झाड, पावलं, सगळं त्यांनी समजावून सांगितलं, फोटोवर बोट ठेवून खांद्यामागची जागाही दाखवली. बऱ्याच दिवसांनी ते इतके खुलून बोलत होते. माणूस शेवटपर्यंत मन लावून ऐकत होता. "शुक्रन," तो म्हणाला, आणि मग खिशातून लेबर ऑफिसचं ओळखपत्र काढून तितक्याच शांतपणे म्हणाला, "इकामा." चाचांनी रंधा काउंटरवर ठेवला आणि पाकीट काढलं. नज्जार, त्यानं वाचलं. मला वाटतं त्यालाही वाईट वाटलं असावं, पण त्यानं लिहायचं ते लिहिलं. माझा इकामा बघून मला त्यानं दुकानातून गोदामात पाठवलं. हमालाची जागा घ्यायला कुणी सौदी येणार नव्हता.

कफीलनं खटपट केली, पण इतकंच झालं, की चाचांचा परतीचा शिक्का कसला डाग न लागता मिळाला. पंधरा दिवसांत ते गेले. मी रोज माफी मागायचं ठरवत होतो आणि रोज काहीतरी दुसरंच बोलत होतो. निघताना बॅग टॅक्सीत ठेवून मी कसंबसं म्हटलं, "चाचा, माझ्यामुळं झालं." ते म्हणाले, "तू खरं तेच सांगितलंस. गोळी मीच निवडलेली." एवढं बोलून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

ते दुकान आता नाही. त्या जागी अत्तरं विकतात. मी अजून गोदामांतच आहे, आता औषधांच्या. बायको-मुलगी काही वर्षं इथं राहून गावी परतल्या. मुलीला फोन केला तर "पप्पा, नंतर बोलते" म्हणते. कफीलही गेला. त्या दिवसांबद्दल बोलावं असं या शहरात मला कुणी उरलेलं नाही.

चाचांचा फोन मात्र सणासुदीला येतो. काल, केळ्यांचा वास खोलीत कोंडलेला असताना, मीच त्यांना लावला. मध्यंतरी त्यांच्या अंगणात वाघ येऊन कुत्रं घेऊन गेला, ते त्यांनी हसत सांगितलं. गावात बंदुकीचं त्यांना कुणी विचारत नाही. परतल्यावर हाताला दुसरं काम नव्हतं, तेव्हा बाकावर शिकलेला रंधाच कामी आला. दारं, चौकटी, शाळेची बाकं करून त्यांनी मुलीचं नर्सिंग पुरं केलं. आता सारं गाव त्यांना सुतारचाचा म्हणतं. सरकारी कागदावर कुणीतरी सोयीसाठी लिहिलेलं ते नाव, ज्याला आम्ही रोज सकाळी हसायचो, आता त्यांच्या अंगाला बसलं आहे. मी मागच्या दाराकडे बोट केलं नसतं तर दोन वर्षांनी ते आपल्या खऱ्या नावानं घरी गेले असते.

फोन उचलल्याउचलल्या ते पूर्वीसारखंच म्हणाले, "काय रे हमाल, जेवलास काय?" मी म्हटलं, जेवलो. पलीकडे ते माझ्या 'काय सुतार'ची वाट बघत राहिले. तो शब्द मला अजून म्हणता येत नाही.