एक दिवस दाबून ठेवलेला रिपोर्ट

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीच्या टाचेतून रक्ताचे थेंब मीच घेतले. लातूरच्या ज्या दवाखान्यात ती बाळंत झाली तिथंच मी नर्स होते, आणि नवजात बाळांच्या तपासणीचा एक संशोधन प्रकल्प तिथं दोनेक वर्षांपासून चालू होता. काम साधं होतं. बाळ तीन दिवसांचं झालं की आईची सही घ्यायची, बाळाची टाच कोमट फडक्यानं शेकायची, टोचायची, आणि टीपकागदासारख्या जाड कागदावर छापलेल्या गोलांत एकेक थेंब उतरवायचा. कागद सावलीत वाळला की पाकिटात घालून पुण्याच्या प्रयोगशाळेकडं. जन्मतःच असतात पण वरून दिसत नाहीत असे काही आजार त्या थेंबांतून कळायचे. आपल्याकडं अशी किती बाळं जन्मतात, आणि वेळेत सापडली तर पुढं कशी वाढतात, हे आमच्या डॉक्टर मॅडमना बघायचं होतं.

त्यातला एक आजार माझ्या घरात आधीच होता.

माझी मुलगी नांदेडला झाली. तेव्हा आम्ही तिथंच राहायचो आणि मी एका प्रसूतिगृहात कामाला होते. ती नुसती झोपायची. दुधासाठी उठवावं लागायचं. रडलीच तर आवाज घोगरा, सर्दी झाल्यासारखा. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "लई गुणाची पोर हाय, रडत न्हाई का कटकट न्हाई." मलाही ते ऐकून बरं वाटायचं. कावीळ महिनाभर रेंगाळली, कोवळ्या उन्हात धरा म्हणाले, धरली. चार-चार दिवस शी व्हायची नाही, ओवा दिला. जीभ सारखी बाहेर यायची, वाटलं खेळते. मी नर्स होते. ही सगळी लक्षणं वहीत लिहून, पाठ करून परीक्षा पास झाले होते. पण ती पाठ केलेली ओळ आणि माझ्या मांडीवरची मुलगी यांचा संबंध आहे, असं एकदाही डोक्यात आलं नाही.

चौदाव्या महिन्यातही ती धरल्याशिवाय बसेना, तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडं नेली. त्यांनी तिची जीभ बघितली, पोट बघितलं, आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?" रक्ताच्या तपासणीत कळलं, ती माझ्या पोटात असतानाच तिच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी नीट तयार झाली नव्हती. औषध काय, तर रोज सकाळी एक इवलीशी गोळी, जन्मभर. गोळी सुरू केल्यावर ती हसायला लागली, बसली, उशिरा का होईना चालली. पण मेंदूची जी वाढ पहिल्या महिन्यांत व्हायला हवी होती ती राहून गेली होती. ती भरून येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी मिळाली असती तर ती चारचौघींसारखी झाली असती, हेही सांगितलं. ते नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असं मला कित्येक वर्षं वाटत राहिलं.

नवऱ्याची बदली लातूरला झाली आणि मी या दवाखान्यात लागले. प्रकल्प सुरू होतोय कळल्यावर मी स्वतः मॅडमकडं जाऊन काम मागितलं. मॅडमना माझ्या मुलीचं माहीत होतं. त्यांना वाटलं, दुसऱ्यांची मुलं वाचावीत म्हणून ही आली. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

काम मी चांगलं करायचे. बायका बाळाला टोचू द्यायला नको म्हणायच्या, सासवा तर बाळ उचलून पदराखाली घ्यायच्या. मी खाटेवर बसून माझ्या मुलीची गोष्ट सांगायचे. ती ऐकल्यावर कुणी नाही म्हणत नसे. पण खरंच एखादं बाळ सापडलं की माझं काहीतरी बिनसायचं. डाळमिलमध्ये कामाला जाणाऱ्या एका बाईची मुलगी अशीच सापडली. बाराव्या दिवशी गोळी सुरू झाली. वर्षाची झाल्यावर ती बाईचं बोट सोडून आमच्या बाह्यरुग्ण विभागातून तुरुतुरु चालत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी औषधाच्या खोलीत जाऊन कपाट उघडून उभी राहिले. त्या मुलीचा मला राग आला होता. दीड हात उंचीच्या मुलीचा. कुणाला सांगणार?

अशात धाकटीला दिवस गेले. आमचं माहेर औशाचं. सणाला मी मुलीला घेऊन गेले होते, धाकटीही सासरहून आली होती. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची, तिला मावशीचं फार वेड. ती मावशीच्या अंगाला बिलगून बसली होती. मी आत भाकरी थापत होते. आई धाकटीला हळूच म्हणाली, ते मला ऐकू आलं. "दिवस हायत तुझे. सारखी तिच्याकडं बघत बसू नको. सोड तिला जरा."

धाकटी "असं काही नसतंय" म्हणेल, असं मला वाटलं. ती म्हणाली नाही. उठून दुसऱ्या खोलीत गेली. पुढं तपासणीला लातूरला यायची तेव्हा दवाखान्यातच भेटायची आणि परस्पर एसटीनं परत जायची. घरी चल म्हटलं की, "उशीर होतोय आक्का."

तिला मुलगी झाली. गोरी, भरलेली, डोक्यावर दाट जावळ. तिसऱ्या दिवशी मी टाच टोचली, चारही गोल भरले. पाचव्या दिवशी बाळबाळंतीण औशाला आईकडं गेल्या.

आठव्या दिवशी सकाळी मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांच्या पुढ्यात प्रयोगशाळेचा कागद होता.

"सिस्टर, ही तुमच्या बहिणीची ना? थायरॉईडचा आकडा खूप वर गेलाय. लगेच फोन करा. आज नाहीतर उद्या सकाळी आणू दे, शिरेतलं रक्त घेऊन खात्री करू आणि गोळी सुरू करू." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "घाबरू नका. आठवाच दिवस आहे. अगदी वेळेत सापडली."

तो कागद मी एप्रनच्या खिशात ठेवला. मी घाबरले नव्हते. मॅडमचे ते शेवटचे शब्द मला डसले होते. वेळेत सापडली. धाकटी नेहमी वेळेतच सापडायची. शाळेत तिला वशिला लागला नाही तरी चांगले शिक्षक मिळाले, लग्नात मागणं स्वतःहून आलं, आणि आता तिच्या मुलीला, माझ्या मुलीचाच आजार होऊन, काही म्हणजे काही होणार नव्हतं. आणि हे करणार कोण, तर मीच. माझ्या एका फोननं.

मी फोन केला नाही.

दिवसभर काम केलं. दोन बाळांचे नमुने घेतले, कागद वाळत लावले, नोंदवहीत नावं चढवली. दर थोड्या वेळानं स्वतःशी म्हणायचे, अजून दोन आठवडे कुठं झालेत, एका दिवसानं काय बिघडतंय. ते खरंही होतं. पण मी त्यासाठी थांबले नव्हते, हे मला कळत होतं. तिनं एक दिवस तरी, माझ्यासारखं, काही माहीत नसताना खुशीत राहावं असं मला वाटत होतं.

संध्याकाळी तिचाच फोन आला. मी मुलीला वरणभात भरवत होते. आठ वर्षांची मुलगी, घाई असली की अजून भरवावं लागायचं.

"आक्का, कसं सांगू तुला," धाकटी म्हणाली, "बाळ इतकं शांत हाय गं. रडतच न्हाई. दुधाला उठवावं लागतंय. आई म्हणाली, लई पुण्य केलंस."

घास माझ्या हातात तसाच राहिला. अजूनही सांगता आलं असतं.

"बरं आहे की," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

सकाळी ड्यूटीवर गेल्या गेल्या मॅडमनी विचारलं, "येतायत का औशाहून?"

"फोन लागत नव्हता मॅडम," मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत रुग्णाच्या बाबतीत मी पहिल्यांदा खोटं बोलले.

त्यांनी लगेच गाडीची चौकशी सुरू केली. एक मुलगी सापडलीय आणि आईपर्यंत पोचता येत नाही, याची त्यांना इतकी घालमेल झाली, की मला तिथं उभं राहवेना. "मीच जाऊन घेऊन येते," म्हणाले आणि तशीच बसस्टँडवर आले.

औशाला पोचले तेव्हा आई बाळाला न्हाऊ घालून धुरी देत होती. मला अवेळी, दवाखान्याच्या कपड्यांत बघून धाकटी खाटेवर उठून बसली. मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव ऐकल्याबरोबर तिनं बाळाला छातीशी धरलं.

"आक्का, म्हंजे... म्हंजे माझी बी पोर तुझ्या पोरीवानी होणार?"

मी तिला मारलं असतं. खरंच हात शिवशिवले. आई भिंतीकडं बघत होती.

"नाही होणार," मी म्हणाले. "तुझी चांगली होणार. रोज गोळी द्यायची, तपासायला आणायचं, बास. माझ्या पोरीला ते मिळालं नाही म्हणून ती तशी आहे. उठ, साडी बदल."

त्या दिवशीच रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गोळी सुरू झाली. गोळी कुटून, आईच्या दुधाच्या चार थेंबांत कालवून चमच्यानं कशी द्यायची ते मीच धाकटीला दाखवलं. बाळ महिन्याभरात टकामका बघायला लागलं, ओरडून रडायला लागलं. भाची वेळेत बसली, वेळेत चालली. दर तपासणीला प्रकल्पाच्या फॉर्मवर तिची उंची, वजन, ती काय काय बोलते हे मीच भरायचे. 'दोन शब्दांचे वाक्य' या रकान्यात बरोबरची खूण करताना माझा पेन कागदात रुतायचा. माझ्या मुलीला त्यासाठी पाच वर्षं लागली होती.

आता भाची सहा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात धाकटी माझ्याकडं आली. सोबत मुलगी नव्हती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली, "आक्का, हिला तुझ्याकडं ठेवू का? आमच्या गावची शाळा काय धड न्हाई. तिथं शिकून काय व्हायचं? हुशार हाय पोरगी. लातूरात शिकली तर बरं होईल. आणि गोळ्यांचं तुझ्याइतकं कोण बघणार?"

माझी मुलगी तेव्हा चौदाची. पाचवीच्या वर्गात, तिच्याहून बऱ्याच लहान मुलांबरोबर बसते. तिच्यासमोर ही रोज घडाघडा वाचणार. मी सरळ म्हणाले, "माझ्याकडं ठेवू नको."

"का गं?"

"तिचा रिपोर्ट मी एक दिवस दाबून ठेवला होता." मग सांगून टाकलं. तिचा संध्याकाळचा फोन, माझं 'बरं आहे की', मॅडमना सांगितलेलं खोटं. का केलं तेही. "तुझी पोर चांगली होणार हे मला सहन झालं नाही. अजून होत नाही."

तिनं पिशवी उचलली, चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "मी येडी, मला वाटायचं, आपली आक्का जीव तोडून धावत आली." आणि गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले नाही.

महिनाभर फोन नाही. आईनं दोन-तीनदा विचारलं, काय झालं तुमचं. मी सांगितलं नाही, तिनंही सांगितलं नव्हतं. शाळा उघडायच्या चार दिवस आधी ती आली. मुलीला घेऊन, कपड्यांच्या बॅगेसकट. मुली आत गेल्यावर उभ्या उभ्याच म्हणाली,

"पोटुशी असताना आई मला म्हणाली व्हती, तुझ्या पोरीकडं बघू नको. मी ऐकलं तिचं. तुझ्या घराची पायरी चढले न्हाई चार महिने."

"ऐकलं होतं मी. भाकरी थापत होते."

"म्हंजे तुला माहीत व्हतं?"

"हो."

ती खाली बसली. "माझा राग गेलेला न्हाई, आक्का," ती म्हणाली. "पण दुसऱ्या कुणाकडं ठेवायला माझं मन हुईना. तू एक दिवस दाबलास. दुसऱ्या कुणी दाबला असता तर मला कळलंच नसतं. ठेवून घे."

मी ठेवून घेतलं. जून महिन्यापासून भाची आमच्याकडं आहे. सकाळी दोघींना गोळ्या देते, अर्धा तास थांबून दूध. दोघी एका रिक्षानं शाळेत जातात. संध्याकाळी एकाच चटईवर बसतात. परवा भाची माझ्या मुलीच्या पुस्तकातला धडा बोट न ठेवता वाचत होती आणि माझी मुलगी कौतुकानं ऐकत होती. "मम्मी, बघ ना, हिला सगळं येतंय," ती मला म्हणाली. तिच्या आवाजात जळण्याचं नावही नव्हतं.

मला मात्र नेहमीसारखं झालं. मी भाचीला म्हणाले, "आता बास, जेवायला चला," आणि पुस्तक मिटवलं. तिचं अर्धं पान राहिलं होतं. जेवताना ते डोक्यातून जाईना, म्हणून भांडी घासायच्या आधी तिला जवळ बोलावलं आणि राहिलेलं अर्धं पान वाचून घेतलं. ती वाचत होती आणि मी शेवटपर्यंत ऐकलं. ऐकताना बरं वाटलं, असं काही म्हणणार नाही.