रांगेत ठेवलेली पिशवी

टँकरचा भोंगा वाजून गल्लीत घागरींची रांग लागली, की मला ती युरोपातल्या विमानतळावरची रांग आठवते. लेक तिकडं दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर होती. जावयानं फोनवर सांगितलेलं, "मामी, लवकर या, वाट बघतीय ती." पासपोर्ट तपासायची रांग लई लांब, अन् माझे गुडघे ठणकत होते. आपल्याकडं दुष्काळात बाई सावलीला गेली तरी घागर तिचा नंबर धरती, कुणी हात लावत न्हाई. तशीच मी दूध सोसायटीनं दिलेली पिशवी रांगेत ठेवली अन् भिंतीला टेकून बसले. मग शिट्ट्या वाजल्या, पोलिसांनी माणसं मागं सारली, पिशवीभोवती कुत्रं फिरवलं. "माझी हाय ती, लेकीचे लाडू हायेत!" मी ओरडले. कुणाला कळणार? मला एका खोलीत नेलं. बऱ्याच वेळानं हिंदी येणारी बाई आली. "माँजी, बैग छोड़ी क्यों?" "नंबर लगायी थी, बाई." सुटले तवा उन्हं कलली होती. बाहेर जावयानं पिशवी घेतली. मी म्हणाले, "चला की झपाझप." तो खाली बघत म्हणाला, "आता घाई न्हाई, मामी." शेजारणी आजबी म्हणतात, "ठेव घागर, बस सावलीत." मी घागरीपाशीच उन्हात उभी राहते.