विमानाचं अर्थिंग

कोणत्याही लोखंडी वस्तूला ते आधी उलटा हात लावत. गेट असो, कूलर असो, नाहीतर तुमच्या घरचा फ्रिज. बोटांची मागची बाजू क्षणभर टेकवायची आणि म्हणायचं, "आधी अर्थिंग बघा." तुमच्याही गल्लीत असा एखादा वायरमन असेल. फरक एवढाच, की आमच्या शिरूर कासारच्या या माणसानं घरात विमान बांधायला घेतलं होतं.

ते सहकारी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. दुष्काळात ऊस उरला नाही आणि गाळप सुरूच झालं नाही. बंद कारखान्याची बातमी करायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं.

मुलानं पुण्याहून पाठवलेल्या जुन्या संगणकावर विमान उडवायचा खेळ होता. समोर लोखंडी सांगाड्यात भंगारातलं ट्रॅक्टरचं स्टेअरिंग, शेजारी फवारणी पंपाचा दांडा. दोन्हींच्या बुडाशी रेडिओचा आवाज कमी-जास्त करायची बटणं बसवलेली. त्यांच्या वायरी एका मोडक्या जॉयस्टिकच्या, म्हणजे खेळाच्या दांड्याच्या, सर्किटच्या पट्टीतून संगणकात गेल्या होत्या. दांडा ढकलला की वेग वाढायचा, स्टेअरिंग फिरवलं की विमान कलायचं.

"कारखाना बंद हाय म्हणून मी बी बंद राहू का?" ते म्हणाले. "एकदा सरळ उतरवायचं हाय. आपल्या हातानं केलेल्या दांड्यावर."

ते उतरत नव्हतं. उंचावर थोडेफार हिसके खपून जात, पण धावपट्टी दिसू लागली की विमान हिवताप भरल्यासारखं थरथरायचं आणि कडेच्या मातीत जायचं. त्यांनी वायरी बदलल्या, बटणं बदलली, नगरहून नवी पट्टी आणली. थरथर तशीच. एकदा वैतागून त्यांनी स्टेअरिंग सोडलं, तर विमान शांत झालं. हात लावला, पुन्हा हिसके.

"म्हंजी बिघाड माझ्यातच हाय."

"लग्न झाल्यापून मी हेच सांगायलेय," आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

बिघाड अंगणात होता. घराच्या अर्थिंगची तार ज्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उतरते, तो कोरडा पडला होता. सांगाड्यातली गळकी वीज जमिनीत जाईना, म्हणून हात लागला की बटणांना हिसके बसत. गावभर सांगत फिरणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरचं अर्थिंग सगळ्यात शेवटी पाहिलं.

उपाय साधा होता. खड्ड्यात पाणी ओतायचं. पण पाणी टँकरचं.

"माणसाला न्हाई अन् इमानाला पाणी?" पत्नीनं घागरीला हात लावू दिला नाही. मग ते खड्ड्याशी बसून आंघोळ करू लागले. काही दिवसांनी पत्नीनं धुण्याचा दगडही तिथं सरकवला. थरथर कमी झाली. विमान धावपट्टीच्या कडेपर्यंत येऊ लागलं.

"अजून जरा वल पायजे," ते म्हणायचे. "मग टेकतंय बघा."

तेवढ्यात टँकरच्या रांगेत बोलणं सुरू झालं.

"का रं, खेळण्याला पाणी पाजायलास म्हणं?" त्यांच्याच वयाच्या एकानं विचारलं.

"आंघुळीचं सांडपाणी हाय ते."

"आमच्यात आंघूळच व्हईना."

मीही त्याच रांगेत घागर घेऊन उभा होतो. घरी जाऊन त्यांनी धुण्याचा दगड परत जुन्या जागी नेला. आंघोळीचं पाणी परसातल्या लिंबाच्या झाडाला जाऊ लागलं, त्याला कुणी हरकत घेतली नाही. खड्डा पुन्हा वाळला. ते अधूनमधून खेळायला बसत. विमान मातीत गेलं की शिवी देत नसत. नुसते बघत राहत, आणि पुन्हा उडवत.

पुढच्या हंगामाला त्यांना कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात काम लागलं. सांगाडा काही एसटीत चढला नाही.

नंतर एकदा त्यांच्या घरी डोकावलो. पत्नी संगणकासमोरच्या खुर्चीत बसून सुपात तूर निवडत होत्या. पडद्यावर खेळ चालू होता.

"फोन येतो का?"

"येतो की. तिकडं नदी हाय म्हणं, लई पाणी. पण इमान हितं ऱ्हायलं."

"त्यांनी उतरवलं का मग जायच्या आधी?"

"न्हाई ना." त्यांनी सूप झटकलं. "आता मी बसते कधीमधी. वर जातंय नीट. खाली कसं आणायचं ते त्यानला ईचारलं, तर म्हणले, तू न्हको उतरवू. राहू दे वर. मी येतो."

पडद्यावर खाली सगळे ढग होते. जमीन कुठं दिसत नव्हती.