कारण निवडा

मालनताई परब आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सगळ्यांना शिव्या देते. ज्याला देत नाही त्याला वाटतं, हिचं आपल्यावर काहीतरी बिनसलंय. वडील गिरणीत, गाव मालवणजवळ, वाढली भांडुपला. शाळेतली क्लार्कची नोकरी सुटल्यावर पन्नाशीत ती इथे आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. आमचं काम पडद्यावर नजर ठेवायचं. गोदामांच्या फाटकांवर पहाऱ्याला यंत्रं असतात, त्यांना रबरी गोळ्यांची बंदूक असते. रबरी म्हणून हसू नका, दहा फुटांवरून डोळा जातो. यंत्राला धोका वाटला की ते दहापासून उलटे आकडे मोजतं. तेवढ्यात आम्ही थांबवलं तर ठीक, नाहीतर गोळी सुटते. मला हे पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं, पण पगार घेत होते, तेव्हा माझ्या न पटण्याला कोण विचारतो.

यंत्राला बोली कळावी म्हणून आमचा साहेब मिहिर याने ताईला मालवणी शब्दांची यादी दिली. समोर अर्थ लिहायचा. 'मुडदो बशिवलो तुझो' याच्यासमोर तिने इमानदारीत लिहिलं, 'तुझा मुडदा पाडला'. हे मायेनेही म्हणतात, असं लिहायचं तिला सुचलंच नाही. तिच्या चाळीत ते कोणाला सांगावं लागतं?

मार्चमधल्या एका दुपारी भांडुपच्या गोदामाचं चित्र तिच्या पडद्यावर लाल झालं. फाटकाशी वॉचमन कुंडलिक उभा होता, समोर त्याची साठीतली थोरली बहीण. बाई ओरडली, "मेल्या, डबो परत इसारलंस? मुडदो बशिवलो तुझो." आणि तिने पिशवीत हात घातला. यंत्राने बंदूक तिच्यावर रोखली. दहा. नऊ.

ताईने थांबवायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'कारण निवडा'. खाली चारच कारणं होती: कर्मचारी, लहान मूल, प्राणी, यंत्रात बिघाड. तिने 'कर्मचारी' दाबलं, तर ओळखक्रमांक मागितला. आकडा सहावर आला. "अगो बाय, हात भायर काढ," ती पडद्याला सांगत होती. तिचा आवाज तिकडे जातच नव्हता. 'बिघाड' दाबलं, तर साहेबाची परवानगी मागितली.

"रश्मी, मिहिर खंय?"

"जेवायला गेलाय."

तीन. ताईने 'प्राणी' दाबलं.

बंदूक खाली गेली. बाईने डबा भावाच्या हातात कोंबला, आणखी दोन शिव्या घातल्या आणि निघून गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. मला मात्र रडू आलं, आणि रागही आला, सगळ्यांचाच.

मिहिर जेवून आला आणि नोंद बघून तापला. "ताई, माणूस आहे ना ती? प्राणी काय लिहिता? बदला आधी."

"बदलते. आधी तो शब्द काढ. चूक माझीच आहे."

"शब्द असा निघत नाही. वरून मंजुरी लागते, महिना जाईल."

"आणि उद्या ती डबा घेऊन आली, असंच बोलली तर?"

मिहिरने यंत्रात तिच्या चेहऱ्यापुढे झालेली नोंद उघडून पाहिली. "माणूस म्हणून नोंदवली, तर यंत्र परत दहापासून मोजायला लागेल."

"आणि आहे तसंच ठेवलं तर?"

"चेहरा ओळखेल आणि प्राणी म्हणून सोडून देईल."

ताईने खुर्ची पडद्याकडे वळवली.

"मग ऱ्हवांदे ती जनावर."