शैलाची वही

पोलिस उपअधीक्षक साहेबांच्या टेबलावर यादी मी ठेवायची, असं ठरलं होतं. शैलानं ती माझ्याआधीच ठेवली. ही तिची पहिल्या दिवसापासूनची खोड.

मी कोल्हापुरातल्या एका संस्थेत डेटा सांभाळतो. पोलिस ठाण्यातून तक्रार न घेताच कोणाकोणाला परत पाठवलं, हे लोकांकडूनच गोळा करून वरिष्ठांपुढं ठेवायचं, हे आमचं काम. त्यासाठी मी चार महिने खपून ॲप बनवलं. आठ नोंदी आल्या. त्यातल्या तीन माझ्याच, टेस्टिंगच्या.

नव्यानं आलेली शैला सकाळी वही घेऊन गावोगावच्या दूध संस्थेत जाऊन बसायला लागली. दुधाची फॅट तपासून होईपर्यंत बायका रांगेत उभ्याच असतात. "मावशी, ठाण्यात कधी गेलतासा काय?" एवढंच विचारायची. महिन्याभरात वही भरली. आमच्या मॅडमनी ती मीटिंगमध्ये सगळ्यांना फिरवून दाखवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी व्हेरिफिकेशन मागून घेतलं. म्हणजे लिहिलंय ते खरं का, हे त्या माणसाला परत भेटून विचारायचं. काम चांगलं, हेतू नव्हे. मला तिची वही खोटी पाडायची होती. दर रविवारी गाडी काढून गावं पालथी घातली. तारखा उलटसुलट विचारल्या, पुरावे मागितले. दोन नोंदी ऐकीव निघाल्या. त्या खोडताना काय आनंद झाला म्हणून सांगू! बाकीच्या मात्र काही केल्या मोडेनात.

आक्काताईंची म्हैस चोरीला गेलेली. ठाण्यातून तीनदा परत पाठवलेलं. मी तेच तेच विचारल्यावर त्या भडकल्या.

"आरं बाबा, तू पोलिसांचा हाईस का आमचा? म्हस गेली म्हंजे गेली!"

आणि डब्यातून एसटीची तीन तिकिटं काढून माझ्यापुढं टाकली.

साहेबांनी टेबलावरची ती यादी चाळली. नावं आम्ही झाकली होती.

"बायका दुधाच्या रांगेत काहीही बोलतात. हे खरं कशावरून?"

शैलानं माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्या सरांनी येकेक नोंद तपासलीया, साहेब. मला खोटं पाडायला दोन म्हैनं फिरल्यात. दोनच घावल्या की!"

म्हणजे हिला सगळं माहीत होतं. माझे कान तापले. साहेब हसले.

"मग बाकीचं खरं असणार."

त्यांनी तिथूनच ठाण्याला फोन लावला. आक्काताईंनी नाव सांगायला आधीच होकार दिला होता; त्यांची तक्रार त्याच दिवशी नोंदली गेली. येणाऱ्या प्रत्येकाला लेखी पोच द्यायची, असा आदेशही निघाला. म्हैस अजून सापडलेली नाही.

पेपरात फोटो आला तो शैलाचा, वहीसकट. कडेला माझं कोपर दिसतं. अजूनही ते कात्रण बघितलं की जळफळाट होतो.

लोकांनी दिलेली माहिती तपासायला मित्र बसवू नये. जळणारा माणूस बसवावा. तो रविवारीसुद्धा काम करतो.